नाइट शिफ्टवाले दोघे

रात्रीचे दोन. डेडलाइन डोक्यावर, कॉफी गार. तुम्हीही जागे असाल, तर अॅमेझॉनच्या जंगलातल्या आपल्या दोन सहकाऱ्यांना भेटा!

होडीसारख्या रुंद चोचीचा बोट-बिल्ड हेरॉन. हा बगळा दिवसभर झाडीत पेंगतो, अंधार पडला की मासे, कोळंबी टिपायला निघतो. दुसरं, जेमतेम किलोभराचं नाइट मंकी. माकडांमधलं हेच एक खरं निशाचर. डोळे दोघांचेही टपोरे.

पण माकडाची गंमत घरात आहे. जोडी एकनिष्ठ, आणि पिल्लू बहुतेक वेळ बाबाच्याच अंगावर; आईकडे जातं ते दुधापुरतं.

माझं बाळ तीन महिन्यांचं. ते रडलं की मी हेडफोन लावतो. कबूल, रात्रभर माझं लक्ष फक्त माशावर!

लॅपटॉप बंद करतोय. आजचं जोजवणं माझ्याकडे.