गळ्यातली नळी अडली तर…

गळ्याला पुढून नळी बसवलेला आणि त्या नळीतूनच श्वास घेणारा माणूस तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तंबाखू-माव्यामुळे झालेला घशाचा कॅन्सर, अपघातात डोक्याला लागलेला मार, अर्धांगवायू, नाहीतर बरेच दिवस व्हेंटिलेटरवर राहावं लागणं, अशा कारणांनी ही शस्त्रक्रिया करतात. तिला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात. पेशंट घरी आला की नळीची काळजी बहुतेक वेळा घरातल्या बाईवरच येते. म्हणून आजचं बोलणं तुमच्याशी.

आपलं नाक हवा गाळतं, ऊबदार आणि ओलसर करतं. नळीतून जाणारी हवा मात्र थेट आत जाते. त्यामुळे बेडका सुकतो, घट्ट होतो आणि नळीत बूच बसतं. थंडीत, चुलीच्या किंवा गुऱ्हाळाच्या धुरात हे लवकर होतं. श्वास पूर्ण अडला, तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. गाडी येईपर्यंतचा तो वेळ तुमच्याच हातात असतो.

ओळखायचं कसं? नळीतून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो. माणूस तळमळतो, घामाघूम होतो. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते. ओठ, नखं निळसर पडतात. नळीच्या तोंडाशी हात धरला तर हवा लागत नाही. लहान मूल दूध सोडतं, किरकिरतं. यातलं काही दिसलं की थांबायचं नाही.

एकीनं १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवावा. दुसरीनं पेशंटला बसतं करावं आणि नळीवरचा रुमाल, बोलण्यासाठी बसवलेली टोपी, जे असेल ते काढावं. मग आतली नळी बाहेर काढावी. पुष्कळदा बूच तिच्यातच असतं आणि एवढ्यानंच श्वास मोकळा होतो. लगेच स्वच्छ केलेली दुसरी आतली नळी बसवावी.

तरीही अडत असेल तर सक्शन करा. बारीक नळी आत घालताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, आणि सगळं दहा सेकंदांत. ती आत जातच नसेल तर जोर करू नका. बाहेरच्या नळीला फुगा असेल तर सिरिंजनं त्यातली हवा काढा, म्हणजे नळीच्या बाजूनं थोडी हवा जाऊ शकते. तेवढ्यानंही माणूस गुदमरत राहिला, तर पूर्ण नळी काढावी लागते. बंद नळी गळ्यात असण्यापेक्षा मोकळं भोक बरं. मग त्याच मापाची, ती न गेल्यास एक माप लहान नळी बसवायची. घरी येण्याआधीच हे सगळं नर्सकडून हातानं करून शिकून घ्या. नळी आपोआप निसटली तरी हेच करायचं.

माणूस बेशुद्ध झाला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. तीस दाबांनंतर दोन श्वास द्यायचे, तेही गळ्यातून. त्या वेळी त्याचं तोंड आणि नाक दाबून धरा. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की आपल्याला दवाखाना आठवतो, पण छाती दाबण्याच्या या क्रियेलाही सीपीआरच म्हणतात.

नळीतून ताजं लाल रक्त आलं, तर ते आपोआप थांबलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. थोडं रक्त ही मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकते.

फोनवर आणि गाडी आल्यावर पहिलं वाक्य सांगा, “हा माणूस गळ्यातून श्वास घेतो.” घाईत सवयीनं ऑक्सिजनचा मास्क तोंडावर लागतो, तो गळ्यावरही हवा. कॅन्सरमध्ये स्वरयंत्र पूर्ण काढलं असेल, तर तोंडाचा आणि फुफ्फुसाचा संबंधच तुटलेला असतो. तिथे तोंडातून दिलेला श्वास किंवा ऑक्सिजन वाया जातो. आपल्या माणसाचं नेमकं काय झालंय ते डॉक्टरांना विचारा आणि मोठ्या अक्षरांत कॉटवरच्या भिंतीला चिकटवा.

उशाशी एक पिशवी असू द्या. तिच्यात जादा नळ्या, नळीची फीत, कात्री, सिरिंज, सलाइन, बॅटरी. सक्शन मशीन विजेवर चालतं, म्हणून पायानं चालणारं किंवा बॅटरीवरचं मशीन मिळतं का पाहा. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेलं, की ४३ ची वाट न बघता पूरपट्ट्यातल्या अशा पेशंटला सुरक्षित जागी हलवा.

आणि एक. हे घरातल्या एकीलाच येऊन चालत नाही. ती बाजाराला गेली तर? शेजारणीला, कॉलेजातल्या पोराला, सगळ्यांना शिकवा. आज संध्याकाळीच सुरुवात करा.