आपोआप फोकस, पण कशावर?

ऐंशीच्या दशकातल्या आल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो. चारमिनारसमोर नवरा-बायको उभे, दोघांच्या मध्ये हातभर अंतर. मागच्या कमानी लख्ख आणि जोडपं मात्र पुसट. खापर फुटतं ते फोटो काढणाऱ्यावर, ‘हात हलला असेल’ म्हणून. पण हात हलला असता तर चारमिनारही पुसट आला असता! कॅमेऱ्याने चोख काम केलं होतं. त्याने फ्रेमच्या बरोबर मधोमध फोकस केला, आणि मधोमध कोणी नव्हतंच.

हे सुरुवातीचे ऑटोफोकस कॅमेरे आता पुन्हा बॅगांमधून, कपाटांमधून बाहेर निघू लागले आहेत. माझ्या मते ते जमवण्यातली खरी मजा दुर्मीळपणात नाही. यंत्राला ‘बघायला’ शिकवण्याची धडपड त्यांत उघड दिसते, आणि त्याला काय दिसत नाही हे कळलं की फोटोही उत्तम येतात.

राजा दीनदयाळ निजामाच्या दरबारात फोटो काढत, तेव्हा काळ्या कापडाखाली डोकं घालून काचेवरची प्रतिमा डोळ्यांनी पारखावी लागे. १९७७ साली आलेल्या कोनिका सी-३५ एएफने ते काम यंत्राकडे दिलं. बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला हा पहिला ऑटोफोकस कॅमेरा. आत अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा भाग होता. दोन छोट्या खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा तो जुळवून पाहायचा आणि त्यावरून अंतर ठरवायचा. बोट नाकाजवळ आणलं की आपले डोळे आत वळतात, त्यातलीच ही भूमिती.

पुढच्याच वर्षी पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती वापरली. कॅमेरा ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतो. समोरचा माणूस साडेतीन मीटरवर असेल तर हा वेळ सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग. अंधारातही हे चालतं. बंद खिडकीतून बाहेरचा फोटो काढायला गेलात तर मात्र प्रतिध्वनी काचेवरूनच परततो आणि फोकस काचेवर बसतो. १९७९च्या कॅनन एएफ-३५एमने अवरक्त किरण सोडले. ते शोषून घेणारी काळी वस्तू समोर आली की परत काहीच येत नाही, आणि कॅमेऱ्याला वाटतं, समोर मोकळं मैदान आहे.

खरी उडी १९८५ची, मिनोल्टा ७०००ची. त्यात अंतर मोजलंच जात नाही. लेन्सच्या डाव्या आणि उजव्या भागातून आलेला प्रकाश आरशामागच्या छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी जातो आणि सेन्सरच्या पट्टीवर दोन प्रतिमा पाडतो. त्या दोहोंतल्या अंतरावरून फोकस पुढे आहे की मागे, आणि किती, हे एका झटक्यात कळतं. मग कॅमेऱ्यातली मोटर, पेचकसाच्या टोकासारख्या खिट्टीने, लेन्स फिरवते. या तंत्राच्या पेटंटवरून हनीवेलने मिनोल्टाला कोर्टात खेचलं. १९९२ साली १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटलं. आज अनेक फोनच्या सेन्सरवर हेच तत्त्व काम करतं.

पण ७०००मधली सेन्सरची ही पट्टी आडवी आहे. हैदराबादच्या जामबागेत सकाळी दुकानं उघडण्याआधी एखाद्या बंद शटरवर ७००० रोखून पाहा. शटरच्या पट्ट्या आडव्या, सेन्सरही आडवा. त्याला डावीकडून उजवीकडे काही बदलच दिसत नाही. लेन्स घर्र करून एका टोकाला जाते, पुन्हा दुसऱ्या टोकाला, आणि हात टेकते. कॅमेरा उभा धरा, त्याच शटरवर फोकस लगेच बसतो. जामबागेतला फुलबाजार बराचसा गुडीमलकापूरला गेला. पण मोगऱ्याचा ढीग कुठे दिसलाच तर त्यावर असा त्रास नाही, कळ्यांमधल्या सावल्या कॅमेऱ्याला पुरतात. दोन माणसांचा फोटो असेल तर आधी एकाच्या चेहऱ्यावर मध्य धरा, बटण अर्धं दाबून ठेवा, मग फ्रेम जुळवा.

१९९१पूर्वी भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. दुकानात मिळायचा तो ‘हॉट शॉट’ हा साधा कॅमेरा; ऑटोफोकस यायचा तो आखातातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून, आणि हैदराबादेत अशा बॅगा पुष्कळ. जुन्या बाजारात एक फसगत मात्र टाळा. ‘फोकस फ्री’ म्हणजे ऑटोफोकस नव्हे. त्यात फोकस कायमचा ठरलेला असतो, लेन्स हलतच नाही.

घेताना लेन्सपेक्षा बाकीचं पाहा. सेलच्या कप्प्यात हिरवट गंज, मिनोल्टाच्या पडद्यावर शाईसारखा पसरलेला काळा डाग, मागच्या दाराचा चिकट झालेला फोम. कॅनन ईओएस ६५०च्या शटरच्या पात्यांवर डांबरासारखा थर दिसला तर सोडून द्या; आतला रबर विरघळलेला असतो. जुना यांत्रिक कॅमेरा मेकॅनिक सुटा करून, साफ करून देतो. इथे सर्किट गेलं तर बहुधा दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्याचा भाग काढणं, एवढाच इलाज.

कोनिका कपाटात शोभेला ठेवावी. रोज वापरायला ईओएस बरा, कारण १९८७पासूनच्या त्याच्या लेन्स कॅननच्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांवरही, काहींवर अडॅप्टर लावून, चालतात. मात्र पैसे मोजण्याआधी घरातल्या माळ्यावर एकदा हात घाला. काही सापडलं तर ताजे सेल घालून पाहा, आणि चालो न चालो, परत ठेवताना सेल काढूनच ठेवा.