चला, मिळून राग ऐकूया

मंठा तालुक्यातल्या आम्ही काही बाया बचत गटाचा हिशोब झाला की वीस मिनिटं शास्त्रीय गाणं ऐकतो. इतर दिवशी मोबाइलवरून एकमेकींना एकेक राग पाठवतो. आज त्याविषयी बोलूया. तुमच्या गावातही हे सहज करता येईल.

पहिली शंका सगळ्यांचीच असते: "ते मोठ्या लोकांचं गाणं, आपल्याला काय कळणार?" पण गाणं आपल्याला नवं नाही. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायांबरोबर काम करून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढं पिठाची गिरणी आली आणि हाताचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर बायांचं मिळून गाणंही गेलं. मिळून ऐकलं तर त्यातलं थोडं परत येतं.

आता ऐकायचं कसं? जातं फिरवताना खुंटा जिथून निघतो तिथंच फिरून येतो. तालही असाच फिरतो. तीनतालात सोळा मात्रा असतात, चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची, नवव्या मात्रेला नुसता हात हलवायचा. पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गाणारा कितीही लांब फिरून आला तरी समेवर येतो, तेव्हा आपली मान आपोआप हलते. ती मान हलली की समजावं, आपल्याला गाणं कळायला लागलं.

राग म्हणजे ठरावीक स्वर आणि त्यांची ठरावीक चाल. भूप रागात पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. म आणि नी त्यात येत नाहीत. म्हणून सुरुवातीला भूप सोपा जातो. गाणारी आधी सावकाश एकेक स्वर उलगडत जाते, त्याला आलाप म्हणतात. मग लय वाढते, आणि शेवटी भराभर ताना येतात. चुलीवर आधी मंद जाळ ठेवतो, मग वाढवतो, तसंच हे.

रागांना वेळाही आहेत आणि त्या आपल्या दिवसाशी जुळतात. सकाळच्या झाडलोटीला भैरव किंवा तोडी. दुपारी शेतात सावलीला टेकलो की सारंग. तिन्हीसांजेला दिवा लावताना यमन. सगळं आवरून पाठ टेकली की मालकंस. पावसाळ्यात मल्हार. भैरवी तर आपल्या ओळखीचीच, भजनाची अखेर तिच्यानं होते.

ऐकायला फार काही लागत नाही. विविध भारतीवर सकाळी साडेसातला 'संगीत सरिता' हा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम वर्षानुवर्षं लोकांनी ऐकला आहे. त्यात रागाची ओळख करून देतात आणि त्याच रागातलं सिनेमाचं गाणंही ऐकवतात. ओळखीच्या गाण्यावरून राग पटकन लक्षात राहतो. मोबाइलवर ऐकायचं तर जुन्या तबकड्यांपासून सुरुवात करा. त्या काळी तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं, म्हणून गाणारे नेमकं तेवढ्यात सगळं सांगून जायचे. तीन मिनिटांत भाकरीही भाजून होते आणि नेटही कमी लागतं. आवाज लहान वाटला तर मोबाइल रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा, सगळ्यांना ऐकू येतं.

या तबकड्यांत बायांचे आवाज खूप आहेत. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी एक. त्या काळी चांगल्या घरच्या बाईनं लोकांपुढं गाणं कमीपणाचं मानत. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. एका खेड्यातल्या बाईचा आवाज आज सगळ्या ग्रहांच्या पलीकडं पोचला आहे. आमच्या गटात हे सांगितल्यावर एक म्हातारी म्हणाली, "मग आपल्या घरात यायला कोणाची ना आहे?"

पण ना असतेच. अनेक घरांत रेडिओ गड्यामाणसाच्या उशाशी आणि मोबाइल पोराच्या खिशात. बाई गाणं ऐकताना दिसली की विचारतात, "काम नाही वाटतं?" एकटीला याचं उत्तर देणं जड जातं. दहा जणी असल्या की सोपं होतं. ऐकताना हात थांबत नाहीत, शेंगा फोडणं, निवडणं, शिवणं चालूच राहतं. तरी वीस मिनिटं आपली आपल्याला मिळतात, आणि तीच आम्हाला हवी होती.

मिळून ऐकण्याची एक जुनी रीत आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ शेतकरी मंडळं चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत, मग जमेल ते करत. आम्ही तीच रीत गाण्याला लावली. ऐकून झालं की तीनच गोष्टी विचारायच्या: कुठं बरं वाटलं? कोणता स्वर फिरून फिरून आला? आपलं कोणतं गाणं आठवलं? "समजलं का?" असं मात्र कुणी कुणाला विचारायचं नाही.

मोबाइलवर पाठवायचेही दोन नियम ठेवले आहेत. दिवसाला एकच गाणं, नाहीतर कुणीच काही ऐकत नाही. आणि पाठवणारीनं ते का पाठवलं हे सांगायचं. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवायचं. आठवडाभर एकच राग ठेवला तर चांगलं: आज किशोरी आमोणकरांचा भूप, उद्या दुसऱ्या कुणाचा. दोघांत फरक काय, यावर आमची सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि ती गोड असतात.

दिवाळीनंतर आमच्यातल्या काही जणी ऊसतोडीला जातात. सहा महिने कोपीत राहायचं, पहाटे अंधारात फडात जायचं. त्या असताना आणि नसताना गट तोच राहावा, म्हणून रोजचं गाणं त्यांनाही जातं. कधी दोन दिवसांनी उत्तर येतं, मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो: "आज ऐकलं बाई. यमनच होता ना?" होता. तिनं बरोबर ओळखला.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला हिशोबाची वही मिटली की लगेच उठू नका. एक मोबाइल, एक पातेलं आणि तीन मिनिटांचा भूप. पहिल्या दिवशी चौघीच थांबल्या तरी चालेल.