शेकडा कशावर?

अंकात कविता पुष्कळ येतील, म्हणून मी मुद्दाम हिशेबाचा विषय घेतला आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी दुसरे काय लिहिणार, असे कोणी म्हणेल. पण शेकडेवारी ही आमच्या शाखेची खास मिरास नव्हे. जोयड्याच्या बाजारात साबण घेणाऱ्यालाही ती लागते. शिवाय आपल्यासारख्या घरी एक आणि कचेरीत दुसरी भाषा बोलणाऱ्यांना हा शब्द दोनदा शिकावा लागत नाही. मराठीत 'शेकडा', कन्नडातही 'शेकडा'च! फसगतही दोन्ही भाषांत सारखीच होते.

ही फसगत गुणाकार-भागाकारात होत नाही. शंभर कोणाला मानायचे, यात होते.

ताजे उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट, बिस्किटे अशा नित्याच्या जिनसांवरील जीएसटी शेकडा १८ चा ५ झाला. तेव्हा गावोगाव एकच बोलणे, "१३ टक्के स्वस्ताई झाली." खरोखर तेवढी व्हायला हवी होती काय? मूळ ५० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर म्हणजे ९ रुपये. गिऱ्हाइकाला ती ५९ ला पडत होती. नवा कर अडीच रुपये, म्हणजे किंमत साडेबावन्न. कमी झाले साडेसहा रुपये. ते ५९ शी ताडून पाहिले तर शेकडा ११ च्या आसपास येतात. १३ चा आकडा मूळ ५० रुपयांवरचा, आणि ते ५० रुपये गिऱ्हाइकाने कधी मोजलेच नव्हते. तेव्हा ५९ चे १३ टक्के काढून, ५१ रुपये ३३ पैशांना वस्तू द्या म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्याचे गणित चुकते. मात्र ज्या दुकानदाराने किंमत ५९ च ठेवली, त्याचा बचाव कोणत्याच गणिताने होत नाही.

हीच गोष्ट आपल्या जुन्या शाळांतल्या पाढ्यांनी अधिक लवकर कळते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेतलेली वडील माणसे अजून घरोघर आहेत. त्यांना विचारा : एकाचा सव्वा करायला पाव मिळवला, आता सव्वाचा पुन्हा एक करायला किती काढाल? पावच काढायचा, पण तो आता सव्वाचा पाचवा हिस्सा आहे. म्हणजे चढताना शेकडा २५, उतरताना शेकडा २०. एकाचा दीड करताना ५०, दीडचा एक करताना तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. टक्केवारीच्या सूत्रापेक्षा मला हा मार्ग सरळ वाटतो. सूत्र परीक्षेनंतर विसरते, पावकी विसरत नाही.

आता दुकानाकडे वळू. ८० ला आणलेली वस्तू १०० ला विकली, नफा २०. शाळेच्या पुस्तकात तो खरेदीवर काढतात, म्हणून शेकडा २५. कंपनीचा माणूस छापील किमतीवर मोजतो, म्हणून तोच नफा शेकडा २०. दोघेही खरे बोलतात. गोंधळ होतो तो सूट देताना. 'मला २५ टक्के सुटतात, १० टक्के सूट दिली तर १५ राहतील' असे म्हणणाऱ्याने ९० ला विकले की हाती १० रुपये राहतात; ते ८० वर साडेबारा टक्के झाले. आणि 'सगळाच नफा सोडतो' म्हणून पुरी २५ टक्के सूट दिली, तर वस्तू ७५ ला जाऊन खिशातले ५ रुपये गेले. सूट छापील किमतीवर आणि नफा खरेदीवर, म्हणून असे होते. दिवाळीच्या '२० अधिक १०' सुटीचेही तसेच : १०० चे ८०, आणि ८० चे ७२. सूट २८ टक्के, ३० नव्हे.

आपल्या तालुक्यात मुडली आणि इतर कंद पिकतात. धरा, पिकवणाऱ्याने किलोला ४० रुपये घेतले आणि शहरात तो कंद १०० ला विकला गेला. वाहतूक, नासाडी, दलाली असे मधले ६०. पिकवणाऱ्याला १० रुपये जास्त द्या म्हटले की व्यापारी म्हणतो, "अहो, शेकडा २५ वाढ! गिऱ्हाईक कसे परवडवील?" पण मधला खर्च तोच राहिला तर गिऱ्हाइकाला कंद ११० ला पडतो. त्याची वाढ शेकडा १० च. शेतकऱ्याची पंचवीस टक्के वाढ गिऱ्हाइकाच्या माथी पंचवीस टक्के म्हणून मारणे हा निव्वळ शब्दच्छल आहे, आणि तो ऐकून गप्प बसणारे आपलेच आजोबा-काका असतात.

कर्जाच्या बाबतीत तर दोन प्रश्न विचारावे लागतात : कशावर, आणि किती मुदतीचे? गावात 'तीन टक्के' म्हणजे महिन्याचे, वर्षाचे ३६. बँकेत दर सांगतात तो वर्षाचा. पेरणीला धान्य नेऊन सुगीला दिढीने फेडणे म्हणजे सहा महिन्यांत शेकडा ५०. पण हे निदान उघड तरी आहे. खरी पंचाईत 'फ्लॅट' व्याजाची. १२,००० रुपये फ्लॅट १२ टक्क्यांनी वर्षाकरिता घेतले. व्याज १,४४०, मासिक हप्ता १,१२०. वाचायला स्वस्त वाटते. परंतु दर महिन्याला मुद्दलातले १,००० परत जात असतात. पहिल्या महिन्यात आपल्याजवळ १२,००० असतात, शेवटच्या महिन्यात फक्त १,०००. वर्षभराची सरासरी काढली तर हाती ६,५०० च रुपये होते. १,४४० रुपये व्याज त्या ६,५०० वर लावून पाहा : शेकडा २२ च्या वर जाते. हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढा भागाकार पाकिटाच्या मागेही करता येतो.