माल गावचा, नाव कोणाचे?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांतल्या भांड्यांच्या दुकानांत एकदा नीट नजर टाका. स्टीलच्या डब्यांच्या रांगेशेजारी आता लोखंडी तवा, बिडाची कढई, मातीचे मडके, दगडी खलबत्ता, लाकडी पोळपाट-लाटणे असा माल पुन्हा मांडलेला दिसतो. वांद्र्याला एमएमआरडीएच्या मैदानावर महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते तेव्हा गावोगावच्या बचत गटांच्या भगिनी लोणची-मसाल्यांबरोबर बांबूच्या टोपल्याही घेऊन जातात. उपनगरातले गिऱ्हाईक पैसे मोजते, हे आता आपल्याला कळले आहे.

पण शेतकरी बंधूंनो, त्या मालावर नाव कोणाचे असते? बहुतेक वेळा एक तर काहीच नसते, नाहीतर दुकानदाराचे असते. व्यापारी म्हणतो, "तुम्ही फक्त माल द्या, लेबल मी छापून घेतो." आपल्याला वाटते, बरे झाले, छपाईचा खर्च वाचला. चार-पाच वर्षांत त्या लेबलाला गिऱ्हाईक ओळखू लागते, पुन्हा तेच मागते. मग एक दिवस व्यापारी दुसऱ्या तालुक्यातून दोन रुपये स्वस्त माल उचलतो आणि त्यावर तेच लेबल लावतो. गिऱ्हाईक त्याच्याकडेच राहते, कारण ते लेबलाला ओळखत होते, तुमच्या गावाला नव्हे. यात व्यापाऱ्याने कायदा मोडला असेही म्हणता येत नाही. नाव त्याचे, लेबल त्याचे.

म्हणून ट्रेडमार्कची, म्हणजे व्यापारचिन्हाच्या नोंदणीची गोष्ट. हा विषय कारखानदारांचा आहे, आपला नाही, असे म्हणून पान उलटू नका.

'सुमीत' मिक्सर आठवतो ना? मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाच्या इंजिनिअरने आपल्या पत्नीची, माधुरीबाईंची, स्वयंपाकघरातली अडचण पाहून तो तयार केला आणि १९६३ मध्ये पॉवर कंट्रोल अँड अप्लायन्सेस ही संस्था उभी केली. परदेशी मिक्सर आपल्या ओल्या वाटणाने आणि हळदीच्या कुड्यांनी जळून जायचे, हा टिकला. लग्नाच्या आहेरात 'सुमीत' दिला म्हणजे मान राखला, असे दिवस होते. पुढे याच नावावरून घरातल्या घरात वाद लागला. एकाच कुटुंबाशी निगडित दोन बाजू 'सुमीत' हे नाव वापरू लागल्या आणि प्रकरण मद्रासच्या हायकोर्टातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की इतकी वर्षे तुम्ही आम्हाला चालू दिलेत, आता अडवता कसे? फेब्रुवारी १९९४ मध्ये निकाल आला. न्यायालयाने मूळ नोंदणी असलेल्या बाजूला मनाई हुकूम दिला आणि जे सांगितले त्याचा साधा अर्थ असा, की एका चिन्हाचा उगम एकच असतो आणि धनीही एकच. दोघे मालक चालत नाहीत. नुसते गप्प बसणे म्हणजे संमती देणे नव्हे, हेही त्यात आले.

आता हे आपल्याकडे लावून बघा. गटात बारा बायका असतात, भावकीत चार भाऊ असतात. नाव ठरते, माल विकतो आणि अर्ज भरायची वेळ आली की सोयीसाठी अध्यक्षांच्या नावाने किंवा अध्यक्षांच्या मुलाच्या नावाने भरला जातो, कारण मोबाईल त्याच्याकडे आणि ई-मेलही त्याचाच. अध्यक्ष बदलल्या, गट फुटला, भाऊ वेगळे झाले, की नाव कोणाबरोबर जाणार? कागदावर ज्याचे नाव, त्याच्याबरोबर. तेव्हा अर्जाआधी ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा नोंदलेली सहकारी संस्था असेल तर अर्ज तिच्याच नावाने जाऊ द्या. नुसता बचत गट असेल तर अर्ज कोणत्या रूपात करायचा, हे वकिलाला किंवा एजंटाला आधी विचारा. ग्रामपंचायतीतले भाऊसाहेब आणि गटांचे काम बघणारे कर्मचारी यांनी या एका ठिकाणी लक्ष घातले तरी पुढची भांडणे टळतील. 'लिज्जत'चे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले, १९६२ मध्ये 'लिज्जत' हे नाव ठरले आणि ते नाव संस्थेचे राहिले, कोणा एकीचे झाले नाही.

आता नाव कसे निवडावे. 'मजबूत तवा', 'शुद्ध', 'गावरान', 'अस्सल बांबू' असली नावे आपल्याला फार आवडतात, आणि नेमकी तीच अडतात. मालाचा गुण किंवा प्रकार सांगणारा शब्द कोणालाही एकट्याला मिळत नाही, कारण तो शब्द सगळ्यांनाच लागतो. नुसत्या गावाच्या नावाचेही तेच. 'सुमीत' म्हणजे चांगला मित्र, त्याचा मिक्सरशी तसा काही संबंध नाही, म्हणून ते चिन्ह भक्कम. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) भोगले मंडळींनी १९६८ मध्ये 'निर्लेप' काढले. हे नाव गुणाच्या जवळ जाते पण सरळ गुण सांगत नाही. कोणत्याही कंपनीचा न चिकटणारा तवा असला तरी आपल्याकडे बायका 'निर्लेपचा तवा'च म्हणतात. २०१८ मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सने ही कंपनी घेतली तेव्हा यंत्रांबरोबर हे नावही गेले. पन्नास वर्षांत एका मराठी शब्दाची केवढी किंमत झाली, याचा हिशेब तुम्हीच करा.

माल कोणत्या वर्गात येतो हे पाहणे महत्त्वाचे. सगळ्या मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. घरगुती आणि स्वयंपाकघरातली बहुतेक भांडीकुंडी २१ व्या वर्गात येतात. तवा, कढई, मडके, लाटणे, खलबत्ता, घरातल्या टोपल्या, झाडू हे सगळे त्यातच. गंमत बघा, हाताने फिरवायचे घरगुती जाते २१ मध्ये आणि विजेवरचा मिक्सर ७ मध्ये. साधा कुकर २१ मध्ये, पण विजेवरचा कुकर आणि गॅसची शेगडी ११ मध्ये. सुऱ्या-चाकू ८ मध्ये. गट जर मसालाही विकत असेल तर तो ३० मध्ये आणि लोणचे २९ मध्ये. प्रत्येक वर्गाची फी वेगळी, म्हणून जे खरोखर विकता त्याचाच अर्ज करा. वर्ग चुकला तर पैसे भरूनही नाव उघडेच राहते.

फी काही फार नाही. एकटी व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा 'उद्यम' नोंदणी असलेला लहान उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आणि कागदी अर्जाला ५,०००. बाकीच्यांना ९,००० आणि १०,०००. म्हणजे उद्यमचा दाखला आधी काढला तर फी निम्मी होते. वकिलाचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या. महाराष्ट्राचे काम मुंबईत ॲन्टॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून चालते, पण ऑनलाइन अर्जामुळे तिकडे खेपा घालायची गरज राहिलेली नाही. अर्ज करण्याआधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा ऐकायला तसेच वाटणारे नाव कोणी घेतले आहे का ते शोधा. हा शोध फुकट आहे. नाव मराठीत असेल तर त्याचा उच्चार आणि अर्थही द्यावा लागतो.

पुढचा रस्ता थोडा लांबचा आहे आणि माणसे इथेच कंटाळतात. अर्ज तपासला जातो, हरकती निघतात आणि तपासणी अहवाल येतो. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. अहवाल येतो ई-मेलवर, आणि तो ई-मेल असतो तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याने उघडून दिलेला, ज्याचा पासवर्ड आता त्यालाही आठवत नाही! उत्तर गेले नाही तर अर्ज सोडून दिला असे धरले जाऊ शकते. तेव्हा गटाचा स्वतःचा ई-मेल काढा आणि आठवड्यातून एकदा बघायची जबाबदारी कोणा एकीवर टाका. चिन्ह मान्य झाले की ते ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते. तिथून चार महिन्यांत कोणीही विरोध करू शकतो. विरोधाची नोटीस हातात पडल्यापासून दोन महिन्यांत आपले प्रतिउत्तर गेले पाहिजे, नाहीतर अर्ज गेला म्हणून समजा. सगळे पार पडले की नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांची. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण, ऑनलाइन ९,००० रुपये.

अर्ज टाकल्यावर नावापुढे 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातले 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी छापले तर कायद्याने दंड आहे. छापखानेवाले हौसेने टाकून देतात, त्यांना तसे बजावून ठेवा.

नाव आधीपासून वापरत असाल तर त्याचा पुरावा फार कामाचा. आधीपासून प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला मागून नोंदणी करणारा अडवू शकत नाही, पण आधीपासून वापरतो हे कागदाने दाखवावे लागते. बिलबुकावर नाव छापा, तारीख घाला, लेबल छापल्याची पावती जपा, घाटकोपरच्या दुकानदाराला माल पाठवल्याचे चलन ठेवा. आपल्याकडे निम्मा व्यवहार तोंडी होतो, आणि तोंडी व्यवहार कोर्टात उभा राहत नाही.

नाव राखले म्हणजे आकारही राखला असे नाही. भांड्याच्या आकाराची नवी रचना केली असेल तर तिची नोंद डिझाइनच्या कायद्याखाली वेगळी होते, आणि सहसा माल बाजारात किंवा प्रदर्शनात मांडण्याआधीच करावी लागते. गोरेगावात १९६७ मध्ये छोट्या कारखान्यातून सुरू झालेल्या 'सेलो'ने आपल्या पाण्याच्या बाटलीच्या रूपाची नक्कल झाली म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१७ मध्ये मनाई हुकूम मिळवला. तिथे तक्रार नावाची नव्हती. बाटल्यांची नावे वेगळी होती, सारखे होते ते रूप.

गावातल्या भांडी दुकानदारांसाठीही एक गोष्ट. कुकरच्या रिंगा विकताना पाकिटावर नामांकित कुकरचे नाव ठळक छापलेले असते. एका रिंग बनवणाऱ्याने पाकिटावर 'हॉकिन्स' कुकरचे नाव असेच वापरले होते. त्याचे म्हणणे, ही रिंग त्या कुकरला बसते एवढेच मी सांगतो. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते मानले नाही, कारण ती रिंग इतर कुकरांनाही बसत होती, मग एकाच कंपनीच्या नावाची गरज काय? असा माल घेताना पाकीट उलटून बनवणाऱ्याचे नाव वाचत जा.

आता उपनगरातल्या व्यापाऱ्याशी बोलायचे. तो वाईटच असतो असे नाही. त्याचा गाळा, त्याचे भाडे, त्याची उधारी, त्यालाही धंदा करायचा आहे. त्याचे नाव 'विक्रेता' म्हणून लेबलावर खुशाल येऊ द्या. फक्त वर ठळक अक्षरात तुमचे चिन्ह राहील आणि चिन्हाची मालकी तुमची आहे, असे दोन ओळींत लिहून त्याची सही घ्या. पहिली गाडी भरण्याआधी घ्या. माल खपू लागल्यावर मागितली तर तो विचार करून सांगतो म्हणेल.