थोडक्या पैशांत नाटक (भाग ६) : प्रयोग घेणारं गाव

मागच्या भागात पात्रसंख्या आणि नेपथ्य आवरतं कसं ठेवायचं, ते पाहिलं. आता पैशाकडे वळू.

नवी हौशी मंडळी सहसा आधी तालमी करतात, मग वर्गणी मागतात आणि शेवटी हॉल घेऊन तिकिटं विकायला निघतात. यात सगळी जोखीम नाटक करणाऱ्यांच्याच डोक्यावर येते. एक प्रयोग होतो, खिसे रिकामे होतात आणि संच मोडतो. मध्य प्रदेशातल्या आपल्या पांढुर्णा-सौसरमध्ये नाटक टिकायचं असेल, तर आधी प्रयोग घेणारं गाव शोधावं आणि मगच खर्चाला हात घालावा, असं माझं ठाम मत आहे.

हे शिकायला फार लांब जायला नको. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी याच रीतीवर उभी आहे. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम. मंडई किंवा शंकरपट ठरला की गावातलं मंडळ वडशाला जाऊन एखाद्या कंपनीशी रक्कम ठरवतं. पडदे, दिवे, वाजंत्री, नट हे सारं कंपनी आणते. जागा, मंडप, तिकीटविक्री गावाकडे. नफा-तोटाही गावाचाच. त्यामुळे मंडळाचा प्रत्येक कार्यकर्ता तिकीट खपवायला घरोघर फिरतो, पाहुण्यांना निरोप जातात, लेकीबाळी माहेरी येतात. याहून चांगली जाहिरात कोणती? याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला फार आनंद झाला. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावातही हीच रीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि यात्रेसाठी गावकारभारी येऊन सुपारी देऊन जातात.

मात्र जशीच्या तशी नक्कल आपल्याकडे चालणार नाही. तिकडे धान घरात आलं की माणूस मोकळा होतो. इकडे दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते आणि अंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला तिकडच्यासारखं रात्रभर नाटकाला बसवणं अन्यायाचं आहे. शिवाय उघड्यावर रात्री दहानंतर भोंग्याला कायद्याने बंदी आहे. म्हणून सात ते साडेनऊ हीच वेळ धरावी आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी आधीच काढून ठेवावी.

गिऱ्हाईक कोण? गणेश मंडळं, शारदा मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, ग्रामपंचायती. इथे पंचांग बघून चालावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच गणपती बसतात. गोटमारीच्या गर्दीत नाटकाची जाहिरात करण्याचा मोह टाळा, त्या दिवशी कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. गणेश मंडळांशी बोलणं आषाढातच उरकलेलं बरं.

आता हिशोब. समजा सौसर, लोधीखेडा, मोहगाव, पिपला नारायणवार आणि पांढुर्णा अशी पाच ठिकाणं मिळाली. एका प्रयोगाला गाडी ३,००० रुपये, साउंड-लाइट ३,५००, नटांचं जाणं-येणं १,०००, लेखकाचं मानधन ५०० आणि कपडे-नेपथ्याच्या एकूण ५,००० चा पाचवा हिस्सा १,००० धरू. झाले ९,०००. मंडळाला १२,००० सांगा. पाच प्रयोगांनंतर हाती १५,००० उरतात, म्हणजे पुढच्या नाटकाची सोय झाली. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गावच्या भावाने बदलून घ्या. लेखकाचे ५०० मात्र कापू नका आणि प्रयोगाची परवानगी त्यांच्याकडून लेखीच घ्या.

मंडळाशी ठरलेलं अर्ध्या पानावर उतरवा : तारीख, वेळ, रक्कम, निम्मा बयाणा, बाकी मेकअपला बसण्याआधी, रात्रीचं जेवण मंडळाकडे, पाऊस आला तर कोणती तारीख. खाली दोघांच्या सह्या. ओळखीतल्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, पण पुढचं मनस्ताप देणारं भांडण याच कागदामुळे टळतं.

हे गणित जमतं ते नाटक एका गाडीत मावलं तरच. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या आविष्कार संस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले आणि मराठी प्रायोगिक नाटकाची एक मोठी चळवळ तिथे उभी राहिली. शाळेचा हॉल तर सौसरलाही आहे.

प्रचारासाठी माझा पहिला आग्रह असा की ज्या गावांत प्रयोग करायचा, तिथला एकेक नट संचात घ्या. त्याने आपल्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. बाजाराच्या दिवशी भोंगा लावलेला ऑटो फिरवा. पोस्टरवर नाटकाचं नाव मराठीत असू द्या, पण तारीख, वेळ, जागा हिंदीतही लिहा. इथली कितीतरी मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीतून शिकतात, त्यांना हे नाटक आपलंच वाटायला हवं.

प्रयोग जमला की काटोल, नरखेड, सावनेरहून बोलावणं येऊ शकतं. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून तालमी सुरू असतानाच अर्ज करून टाका.

(पुढील भागात : चार दिव्यांतली प्रकाशयोजना)