भाताच्या खाचरातील गाळखत

एकेकाळी जपानातील ओसाका शहरी भाडोत्र्यांच्या मैल्यावर घरमालकाचा हक्क चाले आणि मूत्रावर भाडोत्र्याचा. आसपासच्या मुलखातील शेतकरी दोहोंचा मोबदला मोजून ते सोनखत आपल्या शेतांकडे नेत. विसाव्या शतकात रासायनिक खते आणि भुयारी गटारे आली व हा व्यवहार मोडला. ज्या देशाला स्फुरदाचा जवळजवळ सर्व दगड परमुलखातून आणावा लागतो, तोच आपल्या शहरांच्या मैल्यातील गाळ बहुतांशी जाळू लागला, ही मला मोठीच नासाडी वाटते. २०२२ साली खतांचे भाव कडाडले, तेव्हा कुठे तेथील सरकारने गाळखताचा वापर २०३० पर्यंत दुप्पट करण्याचा संकल्प सोडला.

या विलंबामागे केवळ किळस नाही. जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतील कॅडमियम पाटाच्या पाण्यावाटे भातात उतरला आणि इताई-इताई रोगाने माणसांची हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली सरकारने हे कारण मान्य केले. तोच धातू कारखान्यांच्या सांडपाण्यातून गाळातही येऊ शकतो.

खाचरात पाणी तुंबले की सूक्ष्मजंतू मातीतील प्राणवायू संपवतात, मग लोहाच्या व गंधकाच्या संयुगांकडे वळतात, आणि त्यातून निपजणाऱ्या सल्फाइडशी कॅडमियम असा जखडला जातो की मुळांना तो सहसा शोषता येत नाही. परंतु फुटवे आवरावेत म्हणून शेतकरी मध्येच पाणी काढून देतो, जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते आणि कॅडमियम पुन्हा मोकळा होतो. म्हणून धोक्याच्या खाचरांत पीक निसवण्यापूर्वी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे पाणी बांधून ठेवण्याचा सल्ला तेथील शेतकऱ्यांना दिला जातो. पण निसर्गाने येथे एक बिकट पेच घातला आहे: त्याच कोंडलेल्या पाण्यात लोहाच्या गंजाला चिकटलेले आर्सेनिक सुटते, आणि भाताची मुळे ज्या वाटेने सिलिका घेतात त्याच वाटेने तेही ओढून घेतात. एका विषाला आवरावे तर दुसरे सुटते. तेव्हा खरा बंदोबस्त कारखान्याच्या मोरीशीच झाला पाहिजे. जपानी कायदा गाळखतात किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तांदळात ०.४ मिलिग्रॅमपर्यंतच कॅडमियम चालवून घेतो.

गाळातील स्फुरद शेताकडे परत नेण्याची एक वाट कोबे शहरात दिसते: तेथे पचवलेल्या गाळात मॅग्नेशियम मिसळून स्फुरद स्फटिकरूपाने वेगळा काढतात व तो भाताच्या खतात घालतात. गाळातील बहुतेक नत्र आणि सेंद्रिय अंश मात्र या मार्गाने शेतात पोहोचत नाहीत. त्यासाठी क्यूशू बेटावरील सागा शहराचा रस्ता धरावा लागतो: तेथे उष्णताप्रिय जिवाणूंकडून गाळच कुजवून घेतात आणि ते खत शेतकऱ्यांना नाममात्र दराने विकतात.